मदत हवी आहे: स्नायुवर्धक गोळ्या परदेशी नेता येतात का?

घाईत_आहे: माझा प्रवास येत्या शुक्रवारी असल्यामुळे कृपया लवकर उत्तर द्यावे. गेले पाच आठवडे मी स्नायू वाढवण्यासाठी एक सप्लिमेंट घेत आहे. उरलेली अर्धी बाटली सामानात ठेवली तर विमानतळावर अडवतील का, आणि गोळ्या साध्या डबीत काढून न्याव्यात का, एवढेच मला विचारायचे आहे. प्रकृतीविषयीचे उपदेश पुष्कळ ऐकून झाले आहेत, ते कृपया नकोत.

वाटसरू: 'परदेश' नावाचा देश नसतो. आपण कोठून कोठे जात आहात आणि बाटलीवर घटक म्हणून काय छापले आहे, हे सांगितल्याशिवाय उत्तर कसे देणार?

लोहपुरुष: गोळ्यांची गरजच काय? मी अनेक वर्षे रोज पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे व्यायामाची ताकद वाढवणारी पूड, घेतो आणि मला कोणत्याही विमानतळावर कोणी अडवलेले नाही.

वाटसरू: त्यांनी क्रिएटिनविषयी विचारलेले नाही. शिवाय सप्लिमेंटच्या लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. जर्मनीतील कोलोन येथील उत्तेजकचाचणी प्रयोगशाळेने १३ देशांतील ६३४ सप्लिमेंटे तपासली, तेव्हा त्यांपैकी ९४ मध्ये लेबलवर न छापलेली संप्रेरकजन्य द्रव्ये सापडली होती.

घाईत_आहे: ब्रिटनमधून स्वीडनला चाललो आहे. बाटलीवर 'मेथॅन्डिएनोन १० मिलिग्रॅम' असे छापलेले आहे. जिममधल्या ज्या माणसाकडून ती घेतली, तो याला सप्लिमेंटच म्हणतो, आणि इथे मित्र ती उघडपणे बाळगतात.

कलमबहाद्दर: हे सप्लिमेंट नव्हे, हे ॲनाबॉलिक स्टेरॉइड आहे, म्हणजे पुरुषी संप्रेरकासारखे काम करून स्नायू वाढवणारे कृत्रिम द्रव्य. ब्रिटनमध्ये ते 'क' वर्गातील नियंत्रित द्रव्य असले तरी स्वतःच्या वापरापुरते औषध बाळगणे तिथे गुन्हा ठरत नाही, म्हणून आपले मित्र निर्धास्त आहेत. मात्र २०१२ पासून ते टपालाने मागवता येत नाही. स्वीडनचा १९९१ चा डोपिंगविषयक, म्हणजे अशा स्नायुवर्धक द्रव्यांविषयीचा, कायदा याहून फार कडक आहे. तिथे आत आणणे आणि बाळगणे तर गुन्हा आहेच, पण १९९९ पासून सेवन करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे बाटली घरी ठेवली तरी शरीरातले द्रव्य आपल्याबरोबर प्रवास करणारच. डबीत काढून नेण्याचा विचार सोडावा, कारण त्यातून लपवण्याचा हेतू तेवढा दिसेल.

लोहपुरुष: अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने स्टेरॉइडे नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या अनुसूचीत टाकली आहेत, तिथे नुसते बाळगणेही गुन्हा आहे.

कलमबहाद्दर: अमेरिकेला कोणीही चाललेले नाही.

घाईत_आहे: ठीक आहे, बाटली इथेच ठेवतो. त्याऐवजी सार्म्स, म्हणजे स्टेरॉइडसारखा परिणाम करणारी दुसऱ्या जातीची स्नायुवर्धक द्रव्ये, चालतील का? आणखी एक किरकोळ गोष्ट: आठवडाभर अंगाला खाज सुटते आणि लघवीचा रंग गडद झाला आहे. पाणी कमी पडत असावे. त्यावर काही उपाय?

रक्ततपासनीस: ही गोष्ट किरकोळ नाही, खरा प्रश्न हाच आहे. गोळी यकृतात लगेच नष्ट होऊ नये म्हणून मेथॅन्डिएनोनच्या रेणूत सतराव्या कार्बनावर मेथिल गट जोडलेला असतो, आणि त्याच जातीच्या गोळ्यांनी पित्ताचा प्रवाह तुंबू शकतो. खाज आणि गडद लघवी एकत्र दिसली तर कावीळ सुरू झाल्याचा संशय घ्यावाच लागतो. गोळी आत्ताच बंद करावी आणि आजच डॉक्टरांना दाखवावे. सार्म्सचे नावही काढू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्यांच्याबाबत यकृताला होणाऱ्या इजेचाच इशारा दिला होता.

लोहपुरुष: यकृत साफ करणारी एखादी वनस्पतीची गोळी घेऊन पाहिली तर?

रक्ततपासनीस: नको. तुंबलेल्या यकृतावर आणखी एक अनोळखी गोळी लादू नये. डॉक्टरांना स्टेरॉइडचे नाव, मात्रा आणि कालावधी संकोच न करता सांगावा. शेवटचा जड व्यायाम कधी केला तेही सांगावे, कारण यकृताच्या रक्तचाचणीतली एएसटी आणि एएलटी ही विकरे स्नायूंच्या श्रमानेही वाढतात; बिलिरुबिन (पित्तातले पिवळे द्रव्य) आणि अल्कलाइन फॉस्फटेज व जीजीटी ही आणखी दोन विकरे पाहिल्यावर दोष यकृताचा की व्यायामाचा हे उलगडते. आपल्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का?

घाईत_आहे: दिव्याखाली नीट कळत नव्हते, पण आता खिडकीपाशी पाहिले तर दिसतो. बाटली घेऊन दवाखान्यात निघालो आहे. शुक्रवारचे तिकीट रद्द करू का?

रक्ततपासनीस: ते रक्ताचा अहवाल आल्यावर ठरवावे. आधी निघावे.