मदत हवी आहे: गिटार बनवायला पहिला बँडसॉ कोणता घ्यावा?

शिसववेडा_सिंदेवाही: नमस्कार मंडळी. घरीच गिटार बनवतो आहे, हातातल्या जिगसॉ करवतीनं जमत नाही. परवा बॉडी कापली, वरून पातं अगदी रेषेवर होतं. उलटून पाहिलं तर खालून 4 मिलिमीटर आत घुसलेलं. महिनाभराची मेहनत गेली. आता बँडसॉच घेतो, म्हणजे चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत. 10 इंची घेऊ की 14 इंची? शनिवारी नागपूरला इतवारीत जातोय, घेऊनच यायचं आहे. लवकर सांगा.

रंधा_अचलपूर: भाऊ, गिटार कोणती? भरीव बॉडीची इलेक्ट्रिक की पोकळ अकूस्टिक? बजेट किती? लाइट सिंगल फेज की थ्री फेज?

शिसववेडा_सिंदेवाही: सिंगल फेजच, गावात घरी दुसरं काय असणार. 10 की 14 तेवढं सांगा.

दारव्हेकर: डोळे मिटून 14 घ्या. मी 10 इंची घेतली होती, दोन वर्षांत विकली. ओलं नसलेलं सागवान लावलं तरी मोटर घुमायची अन् थांबायची.

रंधा_अचलपूर: दारव्हेकर, थांबा जरा. 14 इंच हे चाकाचं माप आहे. लाकूड किती उंच चिरेल ते त्यावरून कळत नाही. ओतीव लोखंडाची जुन्या धाटणीची 14 इंची मशीन 6 इंचच चिरते, खांबात राइजर ब्लॉक, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, घातला की 12. मकिताची एलबी1200एफ 12 इंची आहे, तिची उंची 165 मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच. भरीव बॉडी पावणेदोन इंच जाड, तिला हे भरपूर झालं. अकूस्टिकची पाठ मात्र दोन पाकळ्या जोडून होते. ड्रेडनॉट या मोठ्या अंगाच्या गिटारला एकेक पाकळी 8 इंच लागते, अन् फळी उभी धरून चिरायची असते. म्हणून विचारतोय, गिटार कोणती?

शिसववेडा_सिंदेवाही: अकूस्टिकच! भरीव बॉडी सरावाची होती. आजोबांच्या घराच्या कवाडाची शिसवाची फळी जपून ठेवली आहे, साडेआठ इंच रुंद, 2 इंच जाड. पाठ अन् बाजू तिच्यातूनच काढायच्या आहेत. बजेट 45 हजार.

रंधा_अचलपूर: हे आधी सांगायचं ना राजेहो.

वडसा_सुतारकाम: मशीन कशाला? आरागिरणीत न्या, दहा मिनिटांत फाडून देतात. आम्ही दारं-खिडक्या तशाच करतो.

रंधा_अचलपूर: दारासाठी ठीक, गिटारसाठी नाही. गिरणीचं पातं चिरेतच 3 मिलिमीटर खातं, अन् फळी जाड ठेवावी लागते. 2 इंचांतून चार-पाच पदर निघतील. घरच्या मशीनवर अर्धा इंच रुंद, इंचाला 3 दात्यांचं पातं लावलं तर चीर मिलिमीटरभर पडते. 4 मिलिमीटरचे आठ-नऊ पदर सहज. बाजूची पट्टी घासून शेवटी दोन-अडीच मिलिमीटर ठेवायची. आजोबांचं शिसव आहे, भुशात काऊन घालवायचं?

वडसा_सुतारकाम: मान्य. पण कवाडाची फळी आहे ना? आधी लोहचुंबक फिरवून पाहा. आत तुटका खिळा असला तर पहिल्याच फेरीत दाते जातील. भोकं बुजवलेली असतात, दिसत नाहीत.

मिरजवारी: मिरजेत सतारीसाठी तुणाचं लाकूड वापरतात, भोपळा पंढरपूरकडचा. 2024 मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बहुतेक काम हातानंच होतं. हातकरवत शिका, लाकूड कळेल.

दारव्हेकर: साडेआठ इंच शिसव हातानं चिरून पाहा एकदा, मग सांगा.

जंगलशेजारी: एक विचारतो. वनखात्याचं पाहिलं का? जंगल राखण्याबाबतच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 4 मार्च 1997 च्या आदेशानं महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या. तुम्ही ताडोब्याच्या कडेला, शिसव दिसलं की चौकशी होऊ शकते. कवाड जसंच्या तसं असताना फोटो काढून ठेवा, अन् घरचा बँडसॉ आरागिरणीत मोडतो का, ते मशीन आणण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी विचारा.

शिसववेडा_सिंदेवाही: हे डोक्यातच नव्हतं. उद्याच अर्ज देतो.

उमरेडची_सुतारीण: तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पावसाळ्यात पाठ चिकटवू नका. माझी पहिली पाठ श्रावणात चिकटवली, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला अन् मधोमध चीर गेली, नखाएवढी रुंद. हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर घ्या. खोलीत 45 ते 50 टक्के दमट असेल तेव्हाच सरस लावा. अन् मशीनआधी व्होल्टेज मोजा.

शिसववेडा_सिंदेवाही: ताई, मोजलं. संध्याकाळी 7 वाजता 178, सकाळी 6 वाजता 224.

उमरेडची_सुतारीण: मग चिराई सकाळीच करा. 178 वर मोटर तापते, कंडेन्सर जातो. जोडणीची वायर लांब असेल तर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या.

रंधा_अचलपूर: एवढ्या पैशात जुनी ओतीव 14 इंची बघा, मोटर एक एचपी तरी पाहिजे. चाक हातानं फिरवून पाहा, रबर भेगाळलं असेल तर भाव पाडा. राइजर सोबत असेल तरच घ्या. तो लावला की पात्याची लांबी साडेत्र्याण्णव इंचांवरून 105 होते, म्हणून पातीही त्याच मापाची मागा.

शिसववेडा_सिंदेवाही: शनिवारचं जाणं पुढं ढकललं. आधी अर्ज, मग मशीन. काल फळीवर लोहचुंबक फिरवलं, दोन ठिकाणी धरलं. खिळे अख्खे आहेत की तुकडे, ते कसं ओळखू?

वडसा_सुतारकाम: फोटो टाका, दोन्ही बाजूंचे.