लँडिंग गिअर: एडी करंटला सिग्नल, पेनिट्रंटला काहीच नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एनडीटीवाले (पार्ट न तोडता तपासणी करणारे) कुणी असाल तर प्लीज वाचा.

मी एका हँगरमध्ये ट्रेनी आहे. जुन्या टर्बोप्रॉपचं मेन गिअर उतरवलंय, वरचं फोर्जिंग (दाबून घडवलेला भाग) ७०७५-टी६ अॅल्युमिनियमचं (टी६ म्हणजे उष्णता-प्रक्रियेचा प्रकार) आणि त्यात स्टीलचा बुश (नळीसारखी कडी) दाबून बसवलेला. मॅन्युअलप्रमाणे बुशभोवती हाय फ्रिक्वेन्सी एडी करंट (प्रोबने धातूत वीजप्रवाह निर्माण करून तडा शोधणं) केलं तर एका ठिकाणी, नेमकी फोर्जिंगची पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) येते तिथेच, सिग्नल सरळ वर जातो. पण डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंगीत द्रव) मारलं तर डेव्हलपर (तो रंग बाहेर ओढून दाखवणारा पांढरा थर) पांढराशुभ्र, एक रेघ नाही. आता एकजण म्हणतो कडेमुळे येतंय सोड, दुसरा म्हणतो एमरी (घासायचा कागद) मार आणि परत बघ. मला हे पटत नाहीये, कारण २०१२ ला आयल ऑफ मॅनमध्ये जेटस्ट्रीम ३१ चा उजवा गिअर लँडिंगला मोडला तो पिंटलपाशी (गिअर ज्या खिळीवर फिरतो तिथे) अशाच स्ट्रेस करोजन क्रॅकमुळे (ताण आणि गंज मिळून पडणारा तडा), आणि २०१४ ला डॉनकास्टरला त्याच जातीच्या विमानाचं परत तेच झालं. मग कडेचा सिग्नल आणि खरा क्रॅक ओळखायचा कसा?

प्रतिसाद १
एमरी अजिबात लावू नका!! अॅल्युमिनियम मऊ असतं, घासलं की धातू क्रॅकच्या तोंडावर पसरतो आणि मग पेनिट्रंट आत जाणार कुठून. पेंट कशाने काढला होता? ब्लास्टिंग केलं असेल तरी तेच होतं, केमिकल स्ट्रिपर वापरून मॅन्युअलमध्ये असेल तर एचिंग (रसायनाने वरचा पातळ थर काढणं) करून मग परत पेनिट्रंट लावा. शिवाय हे क्रॅक फार बारीक, आत गंज भरलेला, त्यामुळे पेनिट्रंट कोरं आलं म्हणजे पार्ट चांगला असं होत नाही.

कडेचं म्हणाल तर शील्डेड प्रोब (फक्त टोकाखालचंच बघणारा) घ्या, प्लास्टिकचा गाइड लावून कडेपासूनचं अंतर कायम ठेवा आणि बुशभोवती पूर्ण फिरवा. कडेचा परिणाम सगळीकडे सारखा येतो आणि बॅलन्स केला (मीटर शून्यावर आणला) की जातो, क्रॅक मात्र ओलांडताना झटकन उडी मारतो. आधी रेफरन्स ब्लॉकच्या (तुलनेच्या नमुन्याच्या) नॉचवर, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या खाचेवर, सेट करून घ्या.

प्रतिसाद २
पार्टिंग लाइनवर ग्रेन (धातूचे कण) आडवे बाहेर येतात, टी६ ची कमजोर दिशा तीच. आणि घट्ट बुशचा ताण विमान नुसतं उभं असलं तरी चोवीस तास चालूच असतो, त्यात दमट हवा, म्हणून लँडिंग कमी झालीत या भरवशावर राहू नका. टी७३ (अशा तड्यांना जास्त टिकणारी उष्णता-प्रक्रिया) असतं तर एवढी काळजी नसती.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. ब्लास्टिंगच झालं होतं, आत्ताच रेकॉर्डला बघितलं. पार्टला लाल टॅग (वापरू नये अशी खूण) लावायला सरांना सांगितलंय. बुश काढून बोअर (त्याचं भोक) आतून तपासायचं झालं तर रोटरी प्रोब (भोकात गोल फिरणारा) लागेल ना? आमच्याकडे नाहीये, बाहेरून मागवावा लागेल.