शब्दचर्चा : 'नर्सिंग'ला सेवा म्हणावं की शुश्रूषा?

मीनल_इंदूर
आमच्या नर्सिंग कॉलेजातर्फे पेशंटच्या घरच्यांसाठी पत्रक काढतोय. इथल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांना मराठीच बरी पडते. अडलंय अमेरिकन नर्स व्हर्जिनिया हेंडरसनने केलेल्या नर्सिंगच्या व्याख्येवर. अंगात बळ, इच्छा आणि माहिती असती तर माणसानं स्वतःच जे केलं असतं, त्यात नर्सनं हात द्यायचा आणि होईल तितक्या लवकर त्याचं त्याला करू द्यायचं. मी 'रुग्णसेवा' लिहिलं, सहकारी 'शुश्रूषा'वर अडून बसलीय.

जुनी_इंदूरवाला
शुश्रूषाच! 'श्रु' म्हणजे ऐकणे, शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा. रोग्याचं ऐकून घेणं हीच पहिली पायरी.

विद्या_पी
ऐकणं कुणाचं? गुरूचं, धन्याचं. मनुस्मृतीनं शूद्रांना नेमून दिलेलं कामही शुश्रूषाच. नर्स म्हणजे डॉक्टरांचा हुकूम झेलणारी, ही समजूत त्याच शब्दात मुरलीय. चरकाचा 'उपस्थाता' घ्या, म्हणजे रोग्याजवळ राहून त्याचं बघणारा. वैद्य, औषध, रोगी आणि तो, असे चिकित्सेचे चार पाय. त्याच्या गुणांत पहिला उपचारांचं ज्ञान.

जुनी_इंदूरवाला
पुढचंही वाचा, ताई. त्याच गुणांत अनुरागही आहे, पण तो 'भर्तरि', म्हणजे धन्यावरच. धनी तिथंही आहेच.

बडोद्याची_सून
बोलताना यातलं काय म्हणतो आपण? 'सासूचं आजारपण काढलं', 'हिनंच सगळं केलं तिचं'. माझ्या मावशीला अर्धांगवायू झाला तेव्हा सून घास भरवायची. ब्यूरोतून आलेल्या नर्सनं चमचा मावशीच्या डाव्या हातात दिला. वरणभात पदरावर सांडला, घरचे भडकले, 'हिला पैसे कशाचे देतोय?' ती मात्र शेजारी बसून राहिली, चमच्याला हात लावला नाही. पुढे मावशी आपल्या हातानं जेवायला लागली. आपल्या 'करण्यात' हे न करणं बसतच नाही.

मीनल_इंदूर
हेंडरसन हेच सांगते! पण आता मुलं पुण्या-बंगळूरला, करणारी पगारी. घरच्यांना वाटतं, पैसे दिले म्हणजे तिनं सगळं करून टाकावं.

वॉर्ड_क्र_७
मी ब्रदर आहे. 'सेवा' नको. सेवा म्हटलं की ड्यूटीचे तास आणि पगार यांवर बोलणंच खुंटतं. 'परिचारिका'त आम्ही पुरुष दिसत नाही. सरळ 'नर्सिंग' लिहा, एमवायच्या, आपल्या सरकारी दवाखान्याच्या, रांगेतल्या आजीलाही कळतं.

जुनी_इंदूरवाला
मग पत्रक मराठीत कशाला काढता? 'परिचारक' सुश्रुतापासून आहे, पुल्लिंगी आहे, तो का नको?

वॉर्ड_क्र_७
काका, वॉर्डात 'परिचारक' अशी हाक मारून बघा. एकही मान वळणार नाही.

विद्या_पी
हाकेवरून आठवलं, 'सिस्टर' ख्रिस्ती जोगिणींमुळे आलं. 'ब्रदर' मात्र नुसतं त्याला जोड म्हणून आलं का?