मदत हवी आहे: १/४८ स्पिटफायरचे सीट बेल्ट फळीसारखे ताठ दिसतात

मळ्यातलं हँगर (ता. आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. १/४८ मापाचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं) स्पिटफायर मार्क ८ या लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल चालू आहे, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवरच्या भारतीय वायुदलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनचं. किटमधली सीट कोरी आहे, बेल्ट नाहीत. तयार धातूचे बेल्ट महाग पडतात आणि कुरियर गावापर्यंत येत नाही, म्हणून घरीच करतोय.

आत्तापर्यंत असं केलं: हार्डवेअरमधली मास्किंग टेप, तिच्या १ मिमीच्या पट्ट्या, मधोमध तांब्याच्या तारेचं चौकोनी बक्कल, चिकटवायला फेव्हिक्विक, वर साधा अ‍ॅक्रेलिक रंग.

होतं काय, तर रात्री चिकटवलेल्या पट्ट्यांची टोकं सकाळी वर आलेली असतात. पट्टा वाकवला की रंगाचा पापुद्रा निघतो. बक्कल म्हणजे नुसता गोंदाचा गोळा. आणि कॉकपिटवरची काच बसवून पाहिली तर तिला आतून पांढुरकी धुरी धरली. काहून होते हे? फोटो जोडला आहे.

टीनपत्रा

भाऊ, पहिले ते बक्कल काढून टाका. स्पिटफायरला सटन हार्नेस असायचा आणि त्याच्या मधोमध चौकटीचं बक्कल नसतंच. खांद्यावरून दोन आणि कमरेचे दोन असे चार पट्टे. पट्ट्यांच्या टोकांकडे पितळी कड्यांच्या छिद्रांची रांग. एका पट्ट्याची खुंटी बाकीच्या तिघांच्या छिद्रांतून काढायची आणि वरून स्प्रिंगची चाप लावायची, बस. म्हणजे तुमचं सगळ्यात किचकट वाटणारं काम करायचंच नव्हतं.

दुसरी चूक फोटोत दिसते. खांद्याचे पट्टे तुम्ही सीटच्या पाठीला चिकटवलेत. ते तिथं अडकत नाहीत. पाठीवरून मागे, पायलटच्या डोक्यामागच्या चिलखती पत्र्यातून आरपार जातात आणि पुढं तारेनं विमानाच्या मागच्या भागात बांधलेले असतात. पट्टे सीटपेक्षा लांब कापा आणि मागची टोकं त्या पत्र्याआड न्या. नुसतं एवढं केलं तरी अर्धा खोटेपणा जातो.

आता रुंदी. पट्टा दोन इंच धरला, म्हणजे ५१ मिमी, तर १/४८ ला १.०६ मिमी होतो. तुमचा १ मिमी बरोबरच आहे. जाडीत फसलात. खरा पट्टा २-३ मिमी जाडीचा, म्हणजे १/४८ ला ०.०५ च्या आसपास. बाजारातली मास्किंग टेप त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड भरते. वरून पाहिलं तर कळत नाही, पण सीटच्या कडेवरून पट्टा खाली वळतो तिथं ती जाडी उघडी पडते आणि पट्टा फळी वाटतो.

टोकं उठण्याचं कारणही तेच. टेप म्हणजे कागद. कागदाचा धागा दाबला तरी मूळ आकारात परत येतो. त्यात टिनाच्या खोलीत मे महिन्याचा उकाडा, टेपचा डिंक पातळ होऊन सरकतो. धातूचा पातळ पत्रा वाकवला की वाकलेलाच राहतो, म्हणून बेल्टला धातू.

कपाशी७२

पत्र्याच्या बाबतीत टीनपत्रा यांच्याशी सहमत, फक्त कोणता पत्रा ते सांगते. कोल्ड्रिंकच्या डब्याचा वापरू नका, तो ०.१ मिमी आणि कडक असतो. पोळ्या गुंडाळायची फॉइल एकेरी फारच लेचीपेची, ब्लेड लागलं की फाटते. तीच तिहेरी करायची. मधल्या थराला फेव्हिकॉल आणि पाणी समसमान, अगदी पुसट हात, आणि चमच्याच्या पाठीनं काचेवर घोटायचं. एका दिवसानं पक्की होते. हॉटेलच्या पार्सलच्या अ‍ॅल्युमिनियम डब्याचा सपाट तळही चालतो, १/३२ ला तर तोच बरा.

धातू नकोच असेल तर पतंगाचा पांढरा कागद. रंगीत घेऊ नका, पाण्यात रंग सोडतो. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून ओला असतानाच सीटवर बसवायचा. गोंद सुकताना तो घडी धरून ठेवतो, टेपसारखा उलटत नाही.

छिद्रं कापायच्या आधी पाडा. हे उलटं केलं की १ मिमीची पट्टी सुईखाली दबून पसरते. फॉइल जुन्या मासिकावर ठेवायची, बोथट केलेल्या सुईनं वरून नुसता खळगा पाडायचा, आरपार नाही. स्केलवर पेन्सिलच्या खुणा करून घ्या म्हणजे अंतर सारखं येतं. पितळी रंग शेवटी, सुईच्या टोकानं, खळग्यात एकेक ठिपका. ब्रश नको.

टीनपत्रा

पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापायला एक जुगाड आहे. दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे, मध्ये जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा आणि झेरॉक्सच्या कागदाचे दोन थर, सगळं टेपनं घट्ट बांधायचं. कार्ड ०.७६ मिमी, कागद साधारण ०.१ चा एक, म्हणजे ०.९६. धार ब्लेडच्या मध्यावर असते, त्यामुळे ब्लेडची स्वतःची ०.१ त्यात मिळते: १.०६. दोन्ही धारा काचेवर एकदम टेकल्या पाहिजेत, नाहीतर एक बाजू कापते आणि दुसरी नुसती ओढते. एकाच ओढीत कापा, मागंपुढं करू नका.

१/७२ ला हवी ०.७. तिथं कार्ड चालत नाही, नुसते कागदाचे सहा थर घाला.

मळ्यातलं हँगर

हे भारी आहे. रंगाचं आणि काचेवरच्या धुरीचं काय?

कपाशी७२

रंग निघतो तो फॉइलवर तेलकट हात लागल्यामुळे आणि साधा अ‍ॅक्रेलिक सुकल्यावर ताठ होतो म्हणून. फॉइल सॅनिटायझरनं पुसायची, पुढं चिमट्यानंच धरायची. प्रायमरचा पातळ फवारा पट्टी सपाट असतानाच. रंग फॅब्रिक कलरचा घ्या, तो कपड्यावर वळायला केलेला असल्यानं लवचिक राहतो. दोन पातळ हात, रंग मळकट खाकी, शुभ्र पांढरा कधीच नाही. मग वाकवा. वळणावर तडा गेलाच तर तिथंच टिचकीभर रंग. सीट लालसर तपकिरी असेल तर हा खाकी तिच्यावर छान उठून दिसतो, म्हणून मळवायचा हात हलका ठेवा. तेलरंगातला जळका तपकिरी खूप पातळ करून फक्त घड्यांत सोडायचा.

टीनपत्रा

धुरी फेव्हिक्विकची. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरी होऊन बसते. जास्त गोंद, बंद काच आणि दमट हवा, तिन्ही तुमच्याकडं एकत्र आलंय. बेल्टला फेव्हिक्विक लागतच नाही, पातळ फेव्हिकॉल पुरतो आणि चुकलं तर ओल्या ब्रशनं सुटतोही. जिथं लागेलच, म्हणजे पत्र्यामागच्या टोकाला, तिथं टाइलवर एक थेंब टाकून सुईनं उचला आणि काच किमान २४ तास बसवू नका.

आणि कूलर! त्याची दमट हवा थेट टेबलावर नको. काम करताना पंप बंद, नुसता पंखा, तोही तोंड दुसरीकडं करून. नाहीतर पट्ट्या शोधत खाली वाकायची वेळ येते.

गव्हाचं मैदान

माझं १/३२ चं अमेरिकन विमान आहे, त्याला चौकटीची बक्कलं लागतातच. तार किती गेजची घ्यावी?

टीनपत्रा

गावात पंपाच्या मोटारी भरणारा असतोच, त्याच्याकडं वायंडिंग तारेचे तुकडे मागा. ३४ गेज म्हणजे ०.२३ मिमी, १/३२ ला ठीक. १/४८ ला ३८ गेज, ०.१५ मिमी. १/७२ ला ४२, ०.१०.

एकेक चौकट वाकवत बसू नका, दोन कधी सारख्या होत नाहीत. बक्कलाच्या आतल्या मापाची प्लास्टिकची चपटी काडी घासून घ्या, तार तिच्यावर वेढ्याला वेढा चिकटवून दहा-बारा फेरे गुंडाळा, मग एका अरुंद बाजूवर ब्लेडनं सरळ उभी चीर द्या. दहा चौकटी सारख्या निघतात. सांधा पट्ट्याच्या घडीखाली लपेल असा ठेवा, म्हणजे जोडायचीही गरज नाही. वरचं वार्निश खरवडू नका, त्यावर रंग चांगला धरतो. काळपट करून सुकल्यावर २बी पेन्सिल घासली की लोखंडाची चमक येते.

मळ्यातलं हँगर

शेवटचं विचारतो. पट्टे सीट विमानात बसवायच्या आधी लावू की नंतर?

कपाशी७२

कमरेचे आधी, सीट हातात असताना. त्यांची बुडं सीटच्या बाजूंना जातात आणि विमानात बसवल्यावर तिथं चिमटा शिरत नाही. एक पट्टा मांडीच्या जागेवर सैल टाका, दुसरा कडेवरून खाली लोंबू द्या. खांद्याचे मात्र सीट बसवून, मागचा पत्रा लावून झाल्यावर, मागून पुढं ओवत आणा. गोल टोकाच्या काडीनं सीटच्या खाचेत दाबा, मग टोक थोडं उचलून सोडा. जिथं पडेल तिथंच राहू द्या.

दोन्ही खांद्याचे पट्टे एकसारखे ठेवू नका. सुटलेले पट्टे तसे कधी पडत नाहीत.