टेकाडावर एक दगड नाही, मग संरक्षण कसलं?

गवत्या: मंडळी, मी इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये राहतो. गावाबाहेरच्या शेतात चपट्या माथ्याचं गोल टेकाड आहे, भोवती बुजत आलेला खंदक. १०६६ मध्ये फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी नंतर रचलेला किल्ला म्हणे. भिंत नाही, बुरूज नाही, नुसत्या मेंढ्या चरतात. तरी 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट', म्हणजे कायद्याने संरक्षित स्मारक! नवा मेटल डिटेक्टर घेतलाय आणि शेतमालक म्हणतो, खुशाल फिरवा. हरकत नसावी ना?

खंदककाकू: आहे, चांगलीच आहे. मालकाच्या होकाराने भागत नाही. १९७९ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे अशा जागी हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय डिटेक्टर नुसता फिरवणं हाही गुन्हा. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका.

आणि दगड कुठून असणार? असल्या बहुतेक किल्ल्यांवर बुरूज लाकडी, कुंपणही लाकडी. बायो टॅपेस्ट्रीत, म्हणजे नॉर्मन विजयाची चित्रकथा भरतकामात सांगणाऱ्या लांबलचक कापडात, हेस्टिंग्जच्या किल्ल्याचं टेकाड रचणारे मजूर आहेत बघा. त्यातले दोघे काम सोडून एकमेकांना फावड्याने बडवतायत! लाकूड कुजून गेलं. उरली ती माती, आणि किल्ल्याचा सगळा पुरावा तिच्या थरांत. तुमच्याच भागातलं स्किप्सीचं टेकाड घ्या. सगळे ते नॉर्मन धरून चालले होते. बारीक नळ्या घालून आतली माती तपासली, तेव्हा २०१६ मध्ये कळलं की ते लोहयुगातलं, सुमारे अडीच हजार वर्षांचं. नॉर्मनांनी आयत्या टेकाडावर किल्ला चढवला. हौशी खड्ड्यांनी थर कालवले असते, तर हे कुणाला कळलं असतं?

बिळोबा: काकूंशी सहमत. पण आमच्याकडे डिटेक्टरवाल्यांपेक्षा बॅजर, म्हणजे बिळं खणणारे प्राणी, जास्त नडतात. त्यांना १९९२ चा वेगळा कायदा. टेकाड संरक्षित आणि ते पोखरणाराही संरक्षित! बसा परवाने मागत.

गवत्या: 😄 बरं, टेकाड सोडलं. शेजारच्या सपाट तुकड्यात फिरवू?

खंदककाकू: आधी नॅशनल हेरिटेज लिस्ट या संरक्षित स्थळांच्या अधिकृत यादीच्या नकाशावर हद्द बघा. टेकाडाला लागून बेली, म्हणजे खालचं तटबंदीचं आवार, असायचं. वरून सपाट दिसलं तरी ते बरेचदा हद्दीत येतं. हद्दीबाहेर मालकाचा होकार पुरे, पण तोही लेखी घ्या. आणि सोन्या-चांदीचा जुना ऐवज लागलाच, तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ऐवजाची चौकशी करणारा अधिकारी) कळवावं लागतं.