चिऱ्याच्या भिंतीला कोणता रंग टिकेल?

मंडळी, फोंड्यातलं आमचं जुनं घर चिऱ्याचं. हॉलला हौसेने मोरपिशी प्लास्टिक पेंट लावला, तर पावसाळ्यात पोपडे धरले. नखाने टोकरलं की मागून पांढरी, खारट भुकटी सांडते. पेंटर म्हणतो, पुन्हा पुट्टी मारू. अहो, ओल भिंतीच्या आत आहे, वरून लेप थापून काय उपयोग? चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कोणाच्या माहितीत आहेत का?

त्यात दिवाळीनंतर आम्ही दोघं मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर निघालोय. ह्यांचं म्हणणं, तेवढ्यात काम उरकेल. पण चुन्यावर पाणी मारत राहावं लागतं, ते मागे बघणार कोण? की आत्ता नुसता रंग खरवडून भिंत वाळू द्यावी? सोफ्याचं कापड मोरपिशीला जुळणारं घेऊन बसलेय, तेव्हा चुन्यात ती छटा येईल का, तेही सांगा.