‘बायका लवकर बऱ्या होतात’ हे कुठून आणता?

चाकावरची: एका ग्रुपवर पोस्ट फिरतेय, मज्जारज्जूला इजा झाली तर बायका पुरुषांपेक्षा लवकर सुधारतात, हार्मोन्समुळे. डोकं फिरलं वाचून. पोस्टवाल्यांनी संशोधक सिप्स्कींचा २००४ चा अभ्यास अर्धाच वाचलाय. वर्षभरानंतर बायकांचा मोटर स्कोअर, म्हणजे स्नायूंच्या ताकदीचे गुण, जास्त सुधारला हे खरं, पण इजा तेवढीच असताना डिस्चार्जच्या वेळी रोजची कामं पुरुषांना जास्त जमत होती. पलंगावरून व्हीलचेअरवर जायला खांदे लागतात हो, स्कोअर नाही. मला फिजिओत ऐकवलं होतं, “घाई नको, बायका आपोआप सुधारतात.” असला संताप आला!

लॅबवाला: असहमत. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोन्सनी नसा वाचतात हे प्राण्यांमध्ये कितीदा तरी दिसलंय. भावना दुखावल्या म्हणून जीवशास्त्र बदलत नाही.

चाकावरची: भावना मध्ये कुठून आल्या? मेंदूच्या इजेवर प्रोजेस्टेरॉनच्या दोन मोठ्या ट्रायल झाल्या, २०१४ मध्ये दोन्ही फेल. माणसं म्हणजे उंदीर नव्हेत.

लॅबवाला: ती मेंदूची इजा, ही मणक्याची. आणि मणक्याच्या प्रयोगांत उंदीर बहुतेक माद्याच असतात, कारण इजेनंतर मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं, माद्यांची मूत्रनलिका आखूड, काम सोपं जातं. पेशंट मात्र पाचात चार पुरुष. त्यावर बोला की.

सी_सिक्स: उंदरांच्या लघवीची सोय बघता, आमची कोण बघणार? पुरुषांना कॉन्डोम कॅथेटर आहे, बाहेरून चढवला की लघवी नळीतून पिशवीत. आम्ही आत नळी घालायला पलंगावर जा, पँट काढा, पाय फाकवा, आरसा धरा, त्यात बोटं चालत नाहीत. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही मी, आणि मग इन्फेक्शन.

रात्रपाळी: कॉन्डोम कॅथेटर म्हणजे काय चैन वाटते का? रात्री निसटतो, चादर ओली, कातडी सोलवटते. भावाचं मीच करतो सगळं.

सी_सिक्स: त्रास नाही असं कुठे म्हटलं? पर्याय तरी आहे!

लॅबवाला: बेंबीतून कॅथेटर घालता येईल असं ऑपरेशन असतं. पण धागा लघवीचा आहे का?

चाकावरची: हो, लघवीचाच! ज्याला दुसऱ्याची वाट न बघता लघवी करता येते तो सुधारला, बाकी स्कोअर तुमच्या पेपरात ठेवा.

लॅबवाला: बरं, रोजच्या कामांचं मान्य. पण स्कोअरमधला फरक खोटा ठरत नाही.

चाकावरची: खोटा म्हटलंच नाही. तो दाखवून आमचे खांद्याचे व्यायाम कमी करू नका.